मदत हवी आहे: सीडब्ल्यू कॉन्टेस्टमध्ये कॉल दोन-तीनदा पाठवावा लागतो

खामला_४०मी
सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यूला (हॅम रेडिओची मोर्समधली कॉन्टेस्ट) आठच दिवस उरलेत, म्हणून थोडक्यात लिहितो. मी कॉल (स्टेशनचं नाव, माझं व्हीयू२ ने सुरू होतं) पाठवतो, समोरचा चुकीचा कॉल परत पाठवतो. मी दुरुस्त करतो, मग तो नंबर (माझा झोन, २२) पुन्हा मागतो. दहा सेकंदांच्या क्यूएसओला (संपर्काला) चाळीस सेकंद जातात. वेग ३० डब्ल्यूपीएम (मिनिटाला ३० शब्द). सराव कमी पडतोय हे उघड आहे. आठवडाभरात ३० पक्कं करायचं तर सरावाच्या सॉफ्टवेअरपैकी मोर्स रनर घेऊ की रफ्झ? कृपया "हळू पाठवा" एवढंच सांगू नका, लवकर सांगा.

पॅडलप्रेमी
दोन्ही घ्या, कामं वेगळी आहेत. रफ्झएक्सपी एक-एक कॉल ऐकवतं, बरोबर टिपला की वेग वाढवतं, चुकला की उतरवतं. कान तिथे तयार होतो. मोर्स रनरमध्ये पाइल-अप (एकदम बोलावणारी अनेक स्टेशनं), फेडिंग, क्यूआरएन (हवेतला खरखराट) सगळं मिळतं. सुरुवातीला ॲक्टिव्हिटी २ ठेवा, बँडविड्थ ५०० हर्ट्झ. रोज वीस मिनिटं सकाळी, वीस रात्री. सलग दोन तास बसू नका, कान थकला की चुकाच पाठ होतात. आणि तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो: २२ वर या.

डिडिडा
थांबा. हा सगळा सराव तुमच्या ऐकण्याचा झाला. चूक तर समोरच्याच्या ऐकण्यात होतेय, आणि कॉन्टेस्टमधले शेकडो कान एकदम बिघडत नाहीत. तुमच्याकडून जे बाहेर पडतंय तेच बघावं लागेल. त्यासाठी माहिती द्या:
चुकीचा म्हणजे नेमका कसा? कोणतं अक्षर बदलतं?
तुम्ही सीक्यू (सगळ्यांना हाक) देता तेव्हा होतं, की दुसऱ्याला बोलावता तेव्हा?
रिग (रेडिओ) कोणता, कीइंग कशाने, ब्रेक-इन (की दाबताच रिग आपोआप ट्रान्समिटवर जाणं) फुल की सेमी?

खामला_४०मी
आयसी-७३००, एन१एमएम (कॉन्टेस्टचं लॉगिंग सॉफ्टवेअर), यूएसबी केबल. सगळं नेहमीचंच आहे जी. सेमी ब्रेक-इन, फॅक्टरी सेटिंग. कॉल वेगवेगळा चुकतो. साइडटोन (आपण पाठवतो त्याचा रिगमधला आवाज) एकदम स्वच्छ ऐकू येतो, म्हणजे पाठवणं ठीकच असणार.

शून्यमैल
आधी अँटेना सांगा. नागपुरात दाट वस्तीत डायपोल छतापासून तीन-चार मीटरवर बांधला की ४० मीटरचा बराचसा सिग्नल सरळ आकाशात जातो. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा: ७.०३० साठी साधारण २०.३ मीटर एकूण लांबी, मध्य जितका उंच नेता येईल तितका न्या. शिवाय शेजारची एलईडी ट्यूब आणि इन्व्हर्टरचा चार्जर ४० मीटरवर एस७ चा खरखराट घालतात. मेन स्विच पाडून रिग बॅटरीवर लावा आणि फरक बघा. फीडरवर फेराइटचे मणी घाला.

डिडिडा
@शून्यमैल, खरखराट यांच्या घरात असेल तर यांना ऐकू येणार नाही. पण त्याने समोरच्याला कॉल चुकीचा कसा ऐकू येईल?
@खामला_४०मी, "वेगवेगळा" चालणार नाही. मागच्या कॉन्टेस्टचं रेकॉर्डिंग असेल तर दहा क्यूएसओ ऐकून लिहून काढा. साइडटोनवर विश्वास ठेवू नका. तो रिगच्या आत कीबरोबर वाजतो. अँटेनापर्यंत काय पोचलं ते त्याला ठाऊक नसतं.

खामला_४०मी
काढले. दहापैकी सात वेळा व्हीयू२ च्या जागी यूयू२ आलंय. दोनदा नुसतं प्रश्नचिन्ह. एकदा बरोबर, तो गडी हळू होता, म्हणून मीही २० वर उतरलो होतो. आणि हो, हे सगळे दुसऱ्याला बोलावतानाचे. मी सीक्यू देत असताना कॉल बरोबर घेतात.

डिडिडा
यातच सगळं आहे. व्ही म्हणजे डि-डि-डि-डा, यू म्हणजे डि-डि-डा. पहिला डिट गायब होतोय. सीक्यू देताना मेसेजची सुरुवात "टेस्ट" ने होते. तिथे टी च्या लांब डा मधून वीस-पंचवीस मिलिसेकंद गेले तरी तो टीच राहतो. कॉल मागून येतो, म्हणून शाबूत. दुसऱ्याला बोलावताना एफ४ बटणाच्या मेसेजची (नुसता स्वतःचा कॉल) सुरुवातच व्ही ने.

आता वेगाचा हिशेब. डिटची लांबी म्हणजे १२०० भागिले डब्ल्यूपीएम. २० वर ६० मिलिसेकंद, ३० वर ४०. समजा कुठे तरी २२ मिलिसेकंद कापले जातात. २० वर ३८ उरतात, डिट तोकडा वाटेल पण कळेल. ३० वर १८ उरतात, त्यातही सुरुवातीचा चढ जातो. गर्दीत तो कुणाला ऐकू येणार नाही.

रिग एकटाच इतकं कापत नाही. पुढे काय लावलंय? लिनिअर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) आहे का?

खामला_४०मी
आहे. त्याचा काय संबंध? दिवाळीपासून लावलाय, घरगुती बनावटीचा, साधारण ३५० वॉट देतो. पॉवर तर पूर्ण येतेय.

बर्डीचा_सोल्डर
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं भाऊ. रिले (ट्रान्समिटच्या वेळी अँटेना बदलून देणारा स्विच) कोणता आहे आत? बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मिळतो तो उघड्या फ्रेमचा १२ व्होल्टचा मोठा रिले असेल तर ओढून घ्यायला त्याला १५ ते २५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात रिग १०० वॉट सोडून मोकळा झालेला असतो. म्हणजे डिट जातोच, वर रिलेचे पॉइंट हवेत असताना त्यांच्यावर आरएफ (रिगची पॉवर) येतं. उघडून बघा, पॉइंट काळे पडून खड्डे दिसत असतील. तसंच चालवलंत तर एक दिवस चिकटतील.

खामला_४०मी
उघडला. उघड्या फ्रेमचाच आहे. एका पॉइंटवर काळा डाग आहे, मोहरीएवढा.

पॅडलप्रेमी
मग सोपं आहे, २२ वर चालवा. डिट ५४ मिलिसेकंदांचा होतो, ३२ उरतात. कॉल बरोबर जाईल. भारतातून युरोपकडे सिग्नल तसाही हलका पोचतो, हलक्या सिग्नलला कमी वेग नेहमीच बरा. घाईत यंत्रात हात घालू नका.

डिडिडा
हलक्या सिग्नलला कमी वेग, हे अगदी मान्य. पण इथे त्याने दुखणं झाकलं जाईल, पॉइंट मात्र रोज जळत राहतील. आणि ३२ ने सीक्यू देणाऱ्या स्टेशनला २२ ने उत्तर दिलं की त्याची लय मोडते. सीक्यू देणाऱ्याच्या वेगाशी जुळवून बोलवावं, हा रिवाज समोरच्याच्या सोयीचा आहे.

नंबर पुन्हा का मागतात तेही याच्याशीच जोडलेलं आहे. समोरच्याने लॉगमध्ये यूयू टाइप केलं की सॉफ्टवेअर देश ओळखतं: युक्रेन. झोनच्या रकान्यात १६ आपोआप येतं. तुम्ही पाठवता २२. त्याला वाटतं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून तो "एनआर" मागतो. वर्ल्डवाइडमध्ये चुकीचा कॉल लॉग केला तर क्यूएसओ तर जातोच, दंडाचे गुणही कापले जातात. त्यामुळे तो विचारणारच.

जुनी_तार
व्हीचा यू होण्याचं हे दुखणं तारखात्यातल्या कडकट्टाला (तारयंत्राच्या साउंडरला) नव्हतं. साउंडरला सूर नसतो, दोन कट्ट आवाजांमधलं अंतर मोजायचं. पहिला आवाज हुकला तर ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. आपली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, नाहीतर नवीन मुलांना तोही सराव द्यायला हवा होता. कान फार पक्का होतो.

नवशिक्या_वर्धा
मला अजून लायसन्स नाही. मोर्स येत नसेल तर परीक्षा देता येते का?

पॅडलप्रेमी
@नवशिक्या_वर्धा, येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. जनरल ग्रेडला ८ डब्ल्यूपीएमने पाठवणं आणि घेणं, दोन्ही. अर्ज सरल संचार पोर्टलवरून. पण ८ ची परीक्षा आहे म्हणून ८ वर शिकू नका. अक्षरं १८-२० च्या वेगाने ऐका आणि मधली जागा मोठी ठेवा. ८ वर डिट मोजायची सवय लागते, ती पुढे सुटत नाही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

शून्यमैल
@खामला_४०मी, रिव्हर्स बीकन नेटवर्कवर स्वतःचा कॉल शोधा. स्किमरने (मोर्स आपोआप वाचणाऱ्या रिसीव्हरने) काय टिपलं ते तिथे दिसतंच.

डिडिडा
यांच्या बाबतीत उपयोग नाही. स्किमर सीक्यू किंवा टेस्ट देणाऱ्याला टिपतो, आणि तिथे यांचा कॉल बरोबरच जातो. दुसऱ्या रिसीव्हरवर मोजणं हाच मार्ग. असं करा:

लिनिअर डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) घ्या, डमी लोड तेवढी पॉवर सोसणारा हवा. पलीकडच्या खोलीत दुसरा रिसीव्हर किंवा एसडीआर डोंगल, अँटेनाशिवाय. फिल्टर रुंद, २.४ किलोहर्ट्झ. २५० चा लावलात तर डिटच्या कडा पुसट होतील आणि माप चुकेल. आवाज ऑडॅसिटीत घ्या, ३० वर एफ४ दाबा, पहिल्या तीन डिटांची रुंदी मोजा. मग लिनिअर बंद करून तेच पुन्हा.

खामला_४०मी
मोजलं. लिनिअर बंद: ४०, ४०, ४०. लिनिअर चालू: १७, ४०, ४०. आता काय करू? ७३०० मध्ये टीएक्स डिले आहे, तो ३० करू का?

बर्डीचा_सोल्डर
करून बघा, पण मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नका. डिले दिला की काही रिग अख्खी ओळ पुढे सरकवतात, काही स्वतःच पहिला डिट तोकडा करतात. त्यापेक्षा पीटीटी (ट्रान्समिट चालू करणारी लाइन) आधी ओढायची आणि की नंतर. क्रम असा:

१. लिनिअर स्टँडबायवर.
२. ७३०० मध्ये सेट, कनेक्टर्स, यूएसबी सेंड/कीइंग. सेंडला आरटीएस, सीडब्ल्यू कीइंगला डीटीआर (यूएसबी पोर्टच्या दोन कंट्रोल लाइन).
३. एन१एमएमच्या हार्डवेअर टॅबमध्ये त्या पोर्टला डीटीआर = सीडब्ल्यू, आरटीएस = पीटीटी, पीटीटी डिले ३० मिलिसेकंद.
४. रिगवर ब्रेक-इन बंद. आता आरटीएस आल्याशिवाय रिग ट्रान्समिटवर जाणार नाही.
५. पुन्हा मोजा. ४०, ४०, ४० आलं तरच लिनिअर अँटेनावर.

एक धोका: कॉम्प्युटर चालू होताना किंवा पोर्ट उघडताना आरटीएस क्षणभर वर जाऊ शकते आणि रिग आपोआप ट्रान्समिटवर जातो. म्हणून आधी कॉम्प्युटर, मग एन१एमएम, लिनिअर सगळ्यात शेवटी.

लिनिअरची की लाइन रिगच्या सेंड जॅकवर थेट असेल तर व्होल्टेज तपासा. तिथे १६ व्होल्ट डीसी आणि अर्ध्या अँपिअरच्या आतच राहायचं. जास्त असेल तर मध्ये ट्रान्झिस्टर टाका.

पॅडलप्रेमी
आणि पॅडलने पाठवायचं असेल तेव्हा? ब्रेक-इन बंद केल्यावर हाताने पाठवलेलं बाहेरच जाणार नाही. कॉन्टेस्टमध्ये दर थोड्या वेळाने "एजीएन" (पुन्हा सांगा) हाताने द्यावं लागतं.

डिडिडा
हा मुद्दा बरोबर आहे, माझ्या लक्षात आला नव्हता. त्यावर उपाय विनकीअर (मोर्स तयार करणारा वेगळा कीअर). पॅडल आणि कॉम्प्युटर दोन्ही त्यातूनच जातात, त्यामुळे लीड टाइम (पीटीटीनंतर की येईपर्यंतचा वेळ) दोघांनाही लागू होतो. लीड ३० मिलिसेकंद, टेल कमीत कमी. त्यात "फर्स्ट एक्स्टेन्शन" नावाचं सेटिंगही आहे, ते पहिला डिट लांब करून तूट भरून काढतं. पण लिनिअर असताना ते नका वापरू. डिट पूर्ण ऐकू येईल, रिले मात्र आरएफखालीच बदलत राहील. अर्डुइनो नॅनोवर के३एनजी कीअर टाकला तरी एन१एमएमला तो विनकीअरसारखाच दिसतो.

खामला_४०मी
पीटीटी डिले ३० केला. मोजलं: ४०, ४०, ४०. रात्री २० मीटरवर अकरा स्टेशनं बोलावली, अकराही जणांनी व्हीयूच घेतलं.

आणखी एक. मी सीक्यू दिल्यावर जे परत येतात त्यांच्या कॉलचं पहिलं अक्षर निसटायचं. तेही थांबल्यासारखं वाटतंय. ते कशाने?

डिडिडा
त्याच साखळीचं दुसरं टोक. ७३०० चा ब्रेक-इन डिले फॅक्टरीतून ७.५ डिट असतो. ३० वर ७.५ गुणिले ४० म्हणजे ३०० मिलिसेकंद. तुमचं पाठवणं संपल्यावरही रिग तेवढा वेळ ट्रान्समिटवर अडकून राहायचा. सराईत माणूस त्याच्या आत बोलू लागतो, आणि ३०० मिलिसेकंदांत एक अख्खं अक्षर जातं. आता मेसेज संपताच पीटीटी सुटते.

बर्डीचा_सोल्डर
अजून थोडा वेळ वाचवता येईल. रिलेच्या कॉइलवर नुसता १एन४००७ लावला असेल तर सुटताना करंट त्यातून फिरत राहतो आणि रिले उशिरा सोडतो. डायोडच्या ओळीत कॉइलएवढाच रेझिस्टर टाका. आणि लवकर ओढण्यासाठी: १२ व्होल्टच्या रिलेला २४ व्होल्ट द्या, ओळीत कॉइलएवढा रेझिस्टर (कॉइल १६० ओहम असेल तर १५० ओहम, ३ वॉट), त्याच्या समांतर २२० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. सुरुवातीचा झटका पूर्ण २४ चा मिळतो, मग कॉइलवर १२ च राहतात. पण हे कॉन्टेस्टनंतर करा. आत्ता फक्त पॉइंट कागदाची पट्टी फिरवून साफ करा, पॉलिश पेपर लावू नका.

शून्यमैल
२२ पाठवायला वेळ लागतो. नऊचा एन करतो तसं दोनचा यू करून "५एनएन यूयू" (५९९ रिपोर्ट आणि झोन) पाठवलं तर?

डिडिडा
नको. दोनसाठी यू हा कट नंबर आहे खरा, पण फार थोडे वापरतात. ज्या कॉलने आठवडाभर यूयूचा घोळ घातला, त्याच्यामागे पुन्हा यूयू पाठवू नका. "५एनएन २२", एकदाच, कॉलच्याच वेगाने. दुसऱ्याला बोलावताना फक्त स्वतःचा कॉल, एकदा. त्याचा कॉल पाठवायची गरज नाही, तो त्याला माहीत आहे.

खामला_४०मी
ठीक. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होतंय. आधी जपान की सरळ युरोप?

पॅडलप्रेमी
जपान आशियातच, एक गुण. युरोपला तीन. पण पहाटे साडेपाचला १५ आणि १० मीटर अजून झोपलेले असतात, ४० वर युरोप अजून मिळतो. सूर्योदय साडेसहाच्या आसपास आहे, तोवर ४० सोडू नका. मग १५ वर जपान, दुपारपासून १० आणि १५ वर युरोप. आणि मोर्स रनरची वीस मिनिटं बंद करू नका.