तास बदलताना होणारा त्रास कसा थांबवावा? (सातवीचा वर्ग)

नमस्कार. मी एका अनुदानित शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ५४ मुलं. एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत जी चार-पाच मिनिटं जातात, त्याबद्दल मदत हवी आहे.

वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. घंटा व्हायच्या जरा आधी तो रोज विचारायचा, "बाई, लघवीला जाऊ?" तब्येतीचं काही असेल म्हणून आईला बोलावलं, तर घरी तसं काहीच नाही. मग हळूहळू कळलं. संगणकाच्या तासाला निघाले की दोघं जण त्याला जिन्यात अडवतात, त्याच्यासारखं अडखळून दाखवतात आणि बाकीचे दहा-बाराजण हसतात. म्हणून तो आधीच निसटायचा. दोन महिने माझ्या हे लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

विचारलं की उत्तर ठरलेलं, "मस्करी करत होतो बाई."

रांगेने नेऊन पाहिलं. मी पुढे असले की मागे चालतं, मागे राहिले की पुढे. मॉनिटर त्या दोघांचाच मित्र. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर २०२४ मध्ये आमच्याकडे जिन्यात सीसीटीव्ही लागले, पण चिडवलेलं त्यात कसं दिसणार? तक्रारपेटी आहे ती मुख्याध्यापकांच्या दाराशी. चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. घंटा झाली की मला लगेच वरच्या मजल्यावर नववीवर जायचं असतं आणि पुढचे सर दुसऱ्या इमारतीतून येतात. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, आमच्याकडे ते गणित कधीच जुळलेलं नाही.

पुढचे शिक्षक आल्याशिवाय आधीच्यांनी वर्ग सोडायचा नाही, असा नियम कुणाच्या शाळेत खरंच चालतो का? की सगळेच एकमेकांसाठी अडकून पडतात? जिन्याच्या वळणावर कोणी उभं राहायचं, हे कसं ठरवता?

त्या मुलाला माझ्याबरोबर न्यायला मी तयार आहे, पण त्याने तो आणखी वेगळा पडेल अशी भीती वाटते. त्या दोघांशी मी बोलेन, मारणं-ओरडणं मला करायचं नाही. पण हसणाऱ्या दहा-बारा जणांशी काय बोलावं ते सुचत नाही. त्यातली चार-पाच मुलं मनाने चांगली आहेत, एकदा त्यांनी हसणं सोडलं तर बरंच थांबेल असं वाटतं. कोणी असं केलं असेल तर नेमकं कसं केलंत ते लिहा. शनिवारी शिक्षकांची बैठक आहे, तिथे मला हे मांडायचंय.