हुगलकल्चर वाफा: टोमॅटो-मिरची पिवळे, घेवडा हिरवागार, ढिगारा उकलू का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गेल्या हंगामाच्या शेवटी हुगलकल्चरचा (म्हणजे खाली लाकूड गाडून केलेला उंच) वाफा केलाय, साधारण ८ फूट लांब, ४ फूट रुंद नि कंबरेएवढा उंच. तळाला अर्धवट कुजलेले जाड ओंडके, त्यावर फांद्या-काटक्या, मग पालापाचोळा, ताजं कापलेलं गवत, शेणखत आणि वर वीतभर माती. नीलगिरीचं नि रंग मारलेलं लाकूड मुद्दाम वापरलं नाही, ओंडके रचताना पाणीही भरपूर मारलं होतं.

आता टोमॅटो आणि मिरचीची खालची जुनी पानं पिवळी पडून गळतायत, शेंड्याची हिरवी आहेत पण बारीक येतायत, वाढ थांबल्यातच जमा. आणि त्याच वाफ्यात हातभर अंतरावर घेवडा नुसता तरारलाय! एक रोप उपटून बघितलं तर मुळांना गाठी, नखाने फोडली तर आत गुलाबीसर. म्हणून मला वाटतंय लाकूड कुजताना नायट्रोजन खेचला जातोय, घेवडा स्वतःचा हवेतून घेतो म्हणून त्याला फरक पडत नाही.

शिवाय पाणी वरून घातलं की घसरून पायथ्याशी जातं, एका कडेला माती खचून फट पडलीये, तिथे उंदीर घुसतील ही धास्ती वेगळीच. घरचे म्हणतात सपाट करून टाक. माझा अजिबात जीव होत नाही, एवढं लाकूड जाळण्याऐवजी मातीत गेलंय याचं मला खरंच समाधान आहे. तर ढिगारा उकलून आत शेणखत भरू की वरूनच काही करता येईल? आणि माथ्यावर लिंबाचं झाड लावायचं मनात आहे, चालेल का?

प्रतिसाद १
उकलू नका प्लीज. आत बुरशीचे पांढरे धागे लाकडात शिरले असतील, तेच तर सगळं काम करतात, ते तुटले की परत पहिल्यापासून. तुमचा नायट्रोजनचा अंदाज मला पटतो. कमतरता असली की झाड जुन्या पानातला नायट्रोजन काढून शेंड्याला देतं, म्हणून पिवळं खालून सुरू होतं. लोह कमी असतं तर उलट नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या असत्या. लाकडात नायट्रोजनच्या कित्येक शे पट कार्बन असतो त्यामुळे पहिलं-दुसरं वर्ष हे होऊ शकतं. वरून चांगलं कुजलेलं कंपोस्ट २-३ इंच पसरा आणि पेंड भिजवून ते पाणी पातळ करून द्या, पण आधी दोनच रोपांना. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, नवीन पानांचा आकार बघा.

प्रतिसाद २
एक विचारते, घेवडा नक्की कुठे आहे, माथ्यावर की खालच्या अंगाला?

धागाकर्ता
खालच्या अंगाला, उताराच्या मध्यापासून पायथ्यापर्यंत. टोमॅटो-मिरची माथ्यावर.

प्रतिसाद २
मग दोघांना पाणी सारखं मिळत नाहीये हो! माथ्यावर बोट खुपसून बघा, दोन पेरांखाली कोरडं लागलं तर खत घालून उपयोग नाही, कोरड्या मातीत मुळं ते उचलूच शकत नाहीत. गाठी गुलाबी म्हणजे घेवडा नायट्रोजन घेतोय हे खरंच, पण म्हणून माथ्यावरची रोपं त्याच कारणाने पिवळी आहेत असं ठरत नाही. आधी माथा थोडा खोलगट करा, कडेला बोटभर उंच बांध ठेवा आणि पाणी एकदम न ओतता हळूहळू, थांबून थांबून घाला, लाकूड एकदा पूर्ण कोरडं झालं की पाणी धरायला वेळ लावतं. वर वाळलेल्या गवताचं जाड आच्छादन, पण ते खोडाला चिकटवू नका. फटीत माती आणि कंपोस्ट एकत्र करून काठीने कोंबून कोंबून भरा, आत पोकळी राहिली तर उंदरांना घर मिळेल. खचणं दरवर्षी थोडं होणारच, लाकूड कुजतंय म्हटल्यावर ढिगारा बसतोच, दर हंगामात वर भर घालावी लागते.

लिंबू माथ्यावर नको. खालची जागा बसत जाईल तसं झाड कलंडेल, मुळं उघडी पडतील. पायथ्याशी, ढिगाऱ्याच्या बाहेर पक्क्या जमिनीत लावा, मुळं ओलावा शोधत आपणहून आत जातील.

धागाकर्ता
आत्ता बघितलं, माथा खरंच कोरडा आहे, पायथ्याशी माती मुठीत वळतेय. आधी पाणी आणि आच्छादन करते, पेंडीचं पाणी आठवड्याने दोन रोपांना. एकच शंका, आच्छादनासाठी लाकडाचा भुसा भरपूर आहे, तो टाकू का?

प्रतिसाद १
मातीत मिसळू नका, मिसळला तर नायट्रोजन आणखी ओढेल. नुसता वर पातळ थर चालेल, पण गवत-पाला असेल तर तोच बरा, भुसा घट्ट बसला की पाणी पुन्हा वरून घसरेल.