उतरणे म्हणजे फक्त खाली येणे नव्हे

‘उतरणे म्हणजे वरून खाली येणे, बास’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. सिंहगड उतरताना ते खरं आहे. पण संस्कृतातल्या ‘उत्तरण’चा अर्थ पाण्यातून बाहेर येणं, पार होणं. म्हणूनच नदी पायी ओलांडता येते त्या उथळ जागेला ‘उतार’ म्हणतात. ‘उतारू’ही त्याच कुळातला. त्यामुळे स्वारगेटला एसटीत नुकताच चढलेला माणूससुद्धा उतारूच!

रोजच्या बोलण्यातल्या छटा तर फार सुंदर आहेत. ताप उतरला की घर सुटकेचा श्वास टाकतं, चेहरा उतरला की आई लगेच विचारते, "काय रे, काय झालं?" एखादा मनातून उतरतो, एखादं स्थळ पसंतीस उतरतं. परगावच्या पाहुण्याला आपण ‘कुठे उतरलात?’ विचारतो, तेव्हा चढउताराचा संबंधच नसतो. दृष्ट उतरवणं, विषावरचा उतारा, सातबाराचा उतारा हे सगळं आलंच.

‘घसरणे’ मात्र वेगळं, त्यात तोल जाणं आहे. खडकवासला धरणातून भरपूर पाणी सोडलं की पुण्यातला भिडे पूल बुडतो. नंतर पाणी ‘उतरतं’, पूर ‘ओसरतो’, पण पूर ‘घसरला’ असं कुणी म्हणत नाही. थंडीच्या बातम्यांत हमखास ‘पारा घसरला’ येतं. माझ्या मते रात्रभर हळूहळू खाली येणाऱ्या पाऱ्याला ‘उतरला’ हेच शोभतं.