गोंदियाकडच्या गावात निसर्गाचे फोटो काढायचे आहेत, कुठून सुरुवात करू?

धानबांधी: नमस्कार मंडळी. माझं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नोकरी नागपूरला. जुना डीएसएलआर घेतलाय, सोबत १८-५५ आणि ७०-३०० लेन्स. ताडोब्याची सफारी सारखी सारखी परवडत नाही. गेलो तरी वाघाचा तोच रस्त्यावरचा फोटो येतो, जो सगळ्यांकडे असतो. मन कुठं तरी आटल्यासारखं झालंय. दिवाळीनंतर गावात मुक्काम आहे. रानात फिरून काही नवं सुचेल अशी जागा सांगा. आणि मोठी लेन्स भाड्यानं आणू का?

मामातलाव: भाऊ, लेन्स आणू नका. ३०० तुमच्या क्रॉप (छोट्या) सेन्सरवर साधारण ४५० सारखी चालते, तळ्याकाठी तेवढी पुरते. नवेगावबांध तुमच्याच तालुक्यात आहे, तिथं एकदा जाऊन या. पण मुक्काम ठोका तो तुमच्या गावच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावावर किंवा बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव म्हणजे आपलं खरं रान आहे, आणि त्याला तिकीट लागत नाही.

उजाडायच्या आधी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन बसा. रोज तीच जागा, जमलं तर कपडेही तेच मळकट रंगाचे. सुरुवातीला सगळं उडून जाईल. मग अडया (शीळ घालणारी रानबदकं) तुमच्यासमोर उतरायला लागतील, खंड्या कोणत्या खुंटावर बसतो ते कळेल, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी कुठून कुठं चालत जातो तेही दिसेल. तेव्हा फोटो आधी डोक्यात तयार होतो आणि कॅमेरा नंतर उचलावा लागतो. मला विचाराल तर नवं सुचणं म्हणतात ते हेच. ते नव्या जागेत सापडत नाही, ओळखीच्या जागेत सापडतं. नोव्हेंबरात पाण्यावर धुकं असतं, ऊन तिरपं येतं. साडेआठनंतर उजेड कडक होतो, तेव्हा घरी जाऊन चहा प्या.

बगळा घेताना एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी ठेवा, नाहीतर फोटोत पिसं जळतात, नुसता पांढरा डाग दिसतो. उडत्या पक्ष्याला शटर १/१००० च्या खाली नेऊ नका. आयएसओ वाढला तर वाढू द्या.

सारसवाट: महाराष्ट्रातले सारस आता जवळपास तुमच्या जिल्ह्यापुरतेच उरलेत, म्हणून कळकळीनं लिहिते. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत, तळ्याच्या गवतात घरटं करतात. तुम्ही जाल तेव्हा पिल्लं आईबापामागं फिरत असतील, कापलेल्या बांधीत सांडलेले दाणे टिपत. लांबून बघा. जोडी मान वर करून एकत्र ओरडते तेव्हा नराच्या एका हाकेला मादीच्या दोन हाका येतात. ते ऐकण्यासाठी कॅमेरा खाली ठेवावा लागला तरी ठेवा.

त्यांच्याकडे चालत जाऊ नका. बांधावर बसा, ते चरत जवळ आले तर आले. बांधी ज्याची आहे त्याला आधी विचारा. आणि फोटो टाकताना गावाचं नाव टाकू नका, फाइलमधलं लोकेशनही काढा. १८-५५ नं कापणी करणाऱ्या बाया आणि मागं सारस असा फोटो घ्या. आपल्याकडचा सारस माणसांच्या शेतात जगतो, तो फोटोत एकटा दाखवला तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

लोणारकर: वेळ मिळाला तर आमच्या बुलढाण्याकडंही या. लोणारचं विवरातलं सरोवर २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे. काठावरून १८-५५ मध्येही छान येतं.

धानबांधी: सगळ्यांचे आभार. ताई, लोकेशनचं डोक्यातच नव्हतं, आता बंद करतो. मामातलाव, डोंग्यातून फोटो काढू का?

मामातलाव: स्वतः डोंगा हाकत पाखरांच्या मागं लागू नका. गावातले ढिवर पहाटे जाळी काढायला जातात, त्यांना विचारा आणि सोबत न्या म्हणावं. कोणतं पाखरू कुठं उतरतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांच्या मेहनतीचेही फोटो काढा, पण विचारून, आणि प्रिंट करून घरी नेऊन द्या. कॅमेरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, डोंग्यात उभं राहू नका. पोहता येत नसेल तर पाळच बरी.