प्रतिसाद: दोन हिरव्यांपैकी कोणता?

खोलीच्या भिंतींसाठी दोन हिरव्या रंगांपैकी कोणता घ्यावा, असं विचारलंत. शेडकार्डावर (रंगांच्या नमुन्यांच्या कार्डावर) दोन्ही हिरवे सारखेच वाटताहेत ना? मग कार्डं पांढऱ्या कागदावर खेटून ठेवा. कोणता पिवळ्याकडे झुकतोय आणि कोणता राखाडीकडे, ते लगेच कळेल. जुन्या भिंतीवर थेट सॅम्पल मारू नका, आजूबाजूचा रंग डोळ्यांना फसवतो. दोन फुटी पुठ्ठ्यावर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर), त्यावर रंगाचे दोन हात, आणि पूर्ण वाळू द्या. ओलं इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) वेगळंच दिसतं. फिनिश (मॅट की चकचकीत) दोन्हींचं एकच हवं. पुठ्ठे खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीवर उभे धरून सकाळी, संध्याकाळी, आणि मुख्य म्हणजे रात्री दिवा लावून बघा. २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली पिवळट हिरवा पार शेवाळी होऊ शकतो. चारही भिंती रंगवणार असाल तर रंग एकमेकींवर परावर्तित होऊन आणखी भडक वाटतो, म्हणून माझं मत राखाडीकडे झुकणाऱ्या हिरव्याला.