घरी ऑडिओबुक रेकॉर्डिंग, आधी खोली की आधी माइक?

डोंबिवलीकर: मंडळी, व्हॉइसओव्हर घरूनच करायचंय. बेडरूममध्ये आवाज घुमतो, वर रिक्षांचे हॉर्न. भिंतींना फोम लावला तर दोन्ही थांबेल का? माइक कंडेन्सर घेऊ की डायनॅमिक?

स्वराली: फोमने बाहेरचा आवाज अडत नाही हो, तो फक्त खोलीतला घुमारा कमी करतो, आणि पातळ असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सीच खातो मग आवाज कोंदट येतो. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे तोंड करा आणि पाठीमागे जाड गोधडी टांगा. माइकचं तोंड तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडेच असतं, हे बरेच जण विसरतात! आधी खोली, पैसे नंतर.

निशाचर: हॉर्न असतील तर डायनॅमिक. तो गोंगाट गाळतो असं नाही, पण तोंडाच्या अगदी जवळ घेऊन बोलता येतं म्हणून मागचं दबतं. गेन (सिग्नल वाढवणं) भरपूर लागतो, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) तसा बघा. कंडेन्सरला बहुतेक वेळा ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागतं आणि तो शेजारचा कुकरही पकडतो. मी तर रात्री ११ नंतरच बसतो.

ध्वनिवेडा: एसीएक्सचे (ऑडिबलवर ऑडिओबुक देण्याचा प्लॅटफॉर्म) आकडे लिहून ठेवा, आरएमएस (सरासरी पातळी) उणे २३ ते उणे १८ डीबी, पीक (सगळ्यात मोठा क्षण) उणे ३ च्या वर नको, नॉइज फ्लोअर (गप्प असतानाचा खोलीचा आवाज) उणे ६० च्या खाली. पंखा, फ्रिज बंद करून नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि मोजा. नॉइज रिडक्शनवर (नंतर सॉफ्टवेअरने गोंगाट काढणं) भिस्त ठेवू नका प्लीज, आवाजातला जीव जातो.

डोंबिवलीकर: मग फोम कॅन्सल, आज रात्रीच शांतता मोजतो.