मायामी–बिमिनीसाठी कॅटॅमरान की खोल व्ही तळ?

४० फुटी स्केटर कॅटॅमरान (दोन समांतर तळांची वेगवान मोटरनौका) आणि खोल व्ही, म्हणजे इंग्रजी V सारख्या निमुळत्या तळाची ४२ फुटी फाउंटन मोटरनौका यांपैकी कॅटॅमरानच घ्यावी, कारण तितक्याच अश्वशक्तीत ती अधिक वेगाने पळते, असे मत एकाने मांडले आहे. शांत पाण्यावर ते बरोबरच आहे. कॅटॅमरानच्या दोन तळांमधल्या बोगद्यात शिरणारी हवा नौकेला उचलून धरते आणि पाण्याचा रोध घटतो. परंतु आपल्याला कुटुंबासह मायामीहून बहामातील बिमिनी बेटांना, म्हणजे सुमारे ४५ समुद्री मैल जायचे आहे, आणि वाटेत उत्तरेकडे वाहणारा गल्फ स्ट्रीम हा जोरदार सागरी प्रवाह आहे. त्यावर उत्तरेचा वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, वेग उतरवावा लागतो, हवेचा आधार जातो आणि लाट थेट बोगद्याच्या छतावर आपटते. खोल व्ही तळ तेच पाणी कापत जातो. १९६० साली नौका-रचनाकार रे हंट यांनी आखलेल्या अशाच तळाच्या ‘मॉपी’ या नौकेने खवळलेल्या समुद्रात मायामी–नासाऊ शर्यत जिंकली होती. माझा कौल निःसंशय फाउंटनला. नौका जुनी असल्यास इंजिन किती तास चालले हे पाहण्याआधी ट्रान्सम, म्हणजे नौकेची मागची भिंत, तपासून घ्यावा: तिथे बसवलेल्या ड्राइव्हच्या (पंखा फिरवणाऱ्या यंत्रणेच्या) भोवताली लहान हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला, तर आतल्या गाभ्यात पाणी मुरल्याचा संशय धरावा आणि सर्वेक्षकाचा अहवाल येईपर्यंत विसार देऊ नये.